शिक्का बदललेली फाईल

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तो पांढरा फळा. डॅरा आमच्या विभागाचा प्रमुख झाल्यापासून दर शुक्रवारी सकाळच्या चहाला फळा येतो. प्रत्येकाने आपापलं काम झालं की नाही ते सांगायचं. झालं तर नावापुढे हिरवी खूण, आणि हिरवी खूण मिळाल्याशिवाय चहाबरोबरच्या स्कोनला, म्हणजे गरम गोड पावाला, हात लावायचा नाही. गंमत म्हणून सुरू झालेलं होतं हे. आता लोक गरम स्कोन मिळावा म्हणून खोटं बोलतात.

आज मीही बोलले.

"ग्लेनिस, तुझं फडताळ?" डॅराने विचारलं.

"झालंय," मी म्हणाले.

फडताळ म्हणजे माझ्या ताब्यातले सगळे प्रोग्राम. दूरच्या बेटांवरच्या छोट्या हवामान कचेऱ्या ते इथून, होबार्टहून, उतरवून घेतात. नाताळाआधी संस्थेचं मोठं यंत्र बदलणार, त्याबरोबर जुना कंपायलर, म्हणजे आम्ही लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बांधून देणारा, जाणार. त्याचा परवाना त्या यंत्रालाच बांधलेला आहे. म्हणून फडताळातलं सगळं नव्या कंपायलरवर पुन्हा बांधून ठेवायचं होतं. एक सोडून सगळं बांधलंय. राहिलाय तो पाण्याच्या पातळीचा प्रोग्राम, आणि नेमका तोच महत्त्वाचा. वादळात समुद्र किती चढेल ते तो सांगतो.

एवढ्याशा राहिलेल्या कामासाठी सगळ्यांसमोर "नाही" काय म्हणायचं! स्कोन चांगला होता. जर्दाळूचा मुरंबा होता बरोबर.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवा कंपायलर ऐकत नाही म्हणजे नाही.

भानगड आमच्या जुन्या सहकाऱ्याच्या, क्रिप्सच्या लायब्ररीची आहे. समुद्राचे हिशोब करणारा हा तयार भाग पाण्याच्या प्रोग्रामच्या पोटात बसतो. निवृत्त होताना त्याने तिचं मूळ लिखाण दिलंच नाही. दिली ती बांधून तयार केलेली लायब्ररी आणि सोबत एक मॉड्यूल फाईल. आत काय काय आहे, कोणती गोष्ट कुठल्या क्रमाने घ्यायची, हे ती फाईल कंपायलरला सांगते. पण ती प्रत्येक कंपायलरच्या स्वतःच्या भाषेत असते आणि तिच्या माथ्यावर त्याचा शिक्का असतो. डबा एका कंपनीचा नि झाकण दुसऱ्या कंपनीचं, तसला प्रकार. नवा कंपायलर शिक्का बघतो आणि म्हणतो, ही माझी नाही. झालं, संपला विषय.

मूळ लिखाण मिळालं तर सगळं दुपारपर्यंत उरकेल. क्रिप्सला फोन केला. त्याची बायको उना म्हणाली, शनिवारी जेवायलाच ये.

२९ नोव्हेंबर, शनिवार

केटरिंगहून फेरीबोट पकडून ब्रूनी बेटावर क्रिप्सच्या घरी गेले. पोचेपर्यंत डोळे वाऱ्याने लाल झाले होते. क्रिप्स व्हरांड्यात बसला होता. अंगाने वाळलाय, पण ऐट तीच.

"काय ग्लेनिस, ते केशरी जहाज दक्षिण ध्रुवाकडे गेलं का?" त्याने विचारलं.

"गेलं की, मागच्या महिन्यातच."

उनाने शिंपल्यांचं सारण भरून पेस्ट्री भाजली होती. जेवताना मी हळूच विषय काढला. "तुमच्या लायब्ररीचं मूळ लिखाण हवं होतं. कंपायलर बदलतोय."

"कशाला बदलता? चांगला चाललाय."

"मी नाही बदलत, डॅरा बदलतोय."

"मग डॅराला सांग बदलू नकोस म्हणून." आणि खो खो हसला. "ते लिखाण माझं आहे. मी द्यायचं तेव्हा देईन. ते केशरी जहाज गेलं का गं?"

माझी जिरवायला मुद्दाम विचारतोय हे कळत होतं. मी पुन्हा सांगितलं, गेलं. स्वयंपाकघरात बशा ठेवायला गेले तर प्रत्येक कपाटावर चिठ्ठी: कप, चहा, औषधं. या घरात व्यवस्थितपणाचा अतिरेक पहिल्यापासूनच आहे.

फेरीपर्यंत उना सोडायला आली. म्हणाली, "आता त्याला नको विचारूस, ग्लेनिस."

नवऱ्याचा मान राखायचा असतो म्हणे! बेटांवर माणसं राहतात, त्यांचं काय? परत येताना इतका राग आला होता की बोटीवर एका पर्यटकाने फोटो काढायला सांगितला तर मी नाही म्हणाले.

२ डिसेंबर, मंगळवार

झालं. कसं झालं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठेही लिहिणार नाही.

मॉड्यूल फाईल उघडली. माथ्यावर शिक्क्याचा आकडा होता. तो खोडून तिथे नव्या कंपायलरचा आकडा टाकला. बस्स. नवा कंपायलर गाय होऊन पुढे चालायला लागला. एक तक्रार नाही की कुरकुर नाही.

असं करू नये हे मला कोण सांगणार? नव्या लोकांना मीच शिकवते की शिक्क्याला हात लावायचा नाही, एकेका कंपायलरच्या फायली आपापल्या कप्प्यात ठेवायच्या, मिसळायच्या नाहीत. पण मी तपासलं ना. मागच्या पंधरवड्यातल्या भरती-ओहोटीचे आकडे जुन्या आणि नव्या दोन्हींकडून काढले. आकड्याला आकडा जुळला. पंधरवडाभर आभाळ निरभ्र, समुद्र तळ्यासारखा, मोजमापाला याहून चांगले दिवस मिळायचे नाहीत.

जे आकड्याला आकडा जुळतं ते बरोबरच असतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जुनं यंत्र बंद केलं. डॅराने त्याला टोपी घालून फोटो काढला. जुना कंपायलर गेला.

जाण्याआधी यंत्रघरातल्या इंग्रिडने दारात उभं राहून विचारलं होतं, "कुणाला जुना आणखी थोडे दिवस लागतोय का? कंपनीशी बोलून परवाना वाढवून घेता येईल. आत्ता सांगा, नंतर नाही." माझ्या नावापुढे तीन आठवड्यांपासून हिरवी खूण आहे. मी काय सांगणार? गप्प बसले.

मोतुलेवा बेटावरच्या सेमिसीने प्रोग्राम उतरवून घेतला. तिथल्या हवामान कचेरीचा तो प्रमुख आणि झाडूवालाही, असं तोच म्हणतो. प्रशिक्षणाला आला होता तेव्हा माझ्या मागच्या खोलीत राहिला. थंडीने कुडकुडायचा आणि माझं भाजलेलं मटण तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

"काय गं म्हातारे," फोनवर म्हणाला, "एका फटक्यात बसला बघ. शिव्या द्यायची तयारी करून बसलो होतो, फुकट गेली."

"ठेव राखून. कामी येतील."

१९ डिसेंबर, शुक्रवार

सेमिसीचा फोन. त्याच्याकडे दोन दिवस वादळी पाऊस झाला.

"तुझा आकडा जरा कमी येतोय," तो म्हणाला. "धक्क्यावरच्या खांबावर पाणी वीतभर वर होतं."

"खांबावरचं मापक सरकलं असेल. शेवटचं कधी तपासलंस?"

"तपासायला हवं खरं. पण उन्हं पडली तेव्हा पुन्हा बरोबर जुळलं."

"लाटा असतील. पावसात लाटा उडतात, मापक जास्त दाखवतं."

"असेल," तो म्हणाला. मग नाताळच्या डुकराबद्दल बोलत राहिला. आईने या वर्षी स्वतः निवडलंय.

मापकच सरकलं असणार. मीठ लागून लागून ती जुनी मापकं अशीच होतात. चहाला गेले नाही.

२८ डिसेंबर, रविवार

नाताळच्या शर्यतीतल्या शिडाच्या बोटी नदीत शिरल्या. अर्धं शहर धक्क्यावर होतं. डॅराही एका बोटीवर आहे. मी चेरी आणायला गेले आणि गर्दीत उनाच भेटली. क्रिप्स नव्हता बरोबर. बहीण त्याच्यापाशी बसलीय म्हणाली.

मी म्हटलं, "क्रिप्स अजून रागावलेत का माझ्यावर? ते लिखाण..."

तिने मला बाजूला घेतलं. "ते लिखाण त्याच्याकडे नाहीये, ग्लेनिस. असलं तरी कुठं ठेवलंय ते त्याला आठवत नाही. वर्षापूर्वी मी सगळं घर उचकटलं. तो 'देणार नाही' म्हणतो कारण 'आठवत नाही' म्हणायची त्याला लाज वाटते."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"मलाही वाटत होती."

चेरी तिलाच दिल्या. घरी येऊन कपाटांवरच्या त्या चिठ्ठ्या आठवल्या आणि स्वतःचीच चीड आली. त्या माणसाला मी आडमुठा ठरवून मोकळी झाले होते.

म्हणजे मूळ लिखाण जगात कुठेही नाही, आणि जुना कंपायलरही नाही.

५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात मी एकटीच. डिसेंबरभराचे सेमिसीचे आकडे मांडले. मनात नव्हतं, पण हात आपोआप गेला. खाई त्याला खवखवे.

हवेचा दाब नेहमीसारखा असतो तेव्हा सगळं जुळतं. दाब उतरला की आकडा कमी पडतो. जितका दाब उतरतो तितका कमी पडतो. दाब कमी झाला की समुद्र वर उचलला जातो. हा हिशोब क्रिप्सच्या लायब्ररीत आहे, तो आपला प्रोग्राम करतच नाहीये. दाबाचा आकडा आत जातो आणि लायब्ररी त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वाचते. नव्या कंपायलरची मांडणी वेगळी, जुन्याची वेगळी. "ही माझी नाही" हे तो मला सांगत होता. मी त्याचं तोंड बंद केलं.

मापकाला काहीही झालेलं नाही. निरभ्र दिवसांत तपासलं होतं मी. वादळाचा प्रोग्राम निरभ्र दिवसांत!

दाबाचं हाताने मिळवता येईल. पण वाऱ्याचा आकडा बरोबर जातोय कशावरून? आणखी काय सरकलंय? उघडून बघायला लिखाण नाही. प्रोग्राम फडताळातून काढला तर ऐन वादळाच्या दिवसांत सेमिसीकडे काहीच उरणार नाही, आणि का काढला ते सांगावं लागेल. ठेवला तर तो खोटा आकडा सांगणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्ही मीच खणलेली.

बत्तीस वर्षं या कामात आहे. लोक मला विचारून करतात. हे बाहेर पडलं तर फडताळातल्या कुठल्या वस्तूवर कोण विश्वास ठेवेल? मला भीती वाटते. डॅरा सोमवारी परत येईल, तोवर एखादा मार्ग काढते.

९ जानेवारी, शुक्रवार

मार्ग निघाला नाही, वादळ निघालं. सरळ मोतुलेवाच्या रोखाने.

दुपारी सेमिसीचा फोन. मागे वाऱ्याचा आवाज होता.

"आकडा म्हणतो पाणी रस्त्याच्या खालीच राहील," तो म्हणाला. "पण मला लक्षण ठीक दिसत नाही. मागच्या खेपेला मी सगळ्यांना टेकडीवरच्या चर्चमध्ये नेलं आणि पाणी आलंच नाही. अजून पोरं मला बघून 'आलं आलं पाणी' ओरडतात. या वेळी फुकट हलवलं तर पुढच्या वेळी कुत्रंसुद्धा यायचं नाही. तू सांग."

"हलव."

"अगं, पण तुझाच आकडा—"

"आकडा राहू दे. हलव म्हणते ना! आत्ता, उजेड आहे तोवर."

"कारण काय सांगू लोकांना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. शपथेवर लिहिते, अगदी ओठांवर आलं होतं.

"सांग, होबार्टहून निरोप आलाय," मी म्हणाले.

"ग्लेनिस, रडतेयस का तू?"

"सर्दी झालीय."

"बरं," तो म्हणाला. "हलवतो."

१२ जानेवारी, सोमवार

पाणी रस्त्यावरून गेलं. सेमिसीच्या आईच्या घरात खिडकीपर्यंत चढलं. तिचा पलंग दुसऱ्या दिवशी फणसाच्या झाडात सापडला. माणसं सगळी चर्चमध्ये होती. एकही दगावलं नाही.

सेमिसी रेडिओवर म्हणाला की होबार्टच्या मित्रांनी वेळेवर सांगितलं. एवढंच म्हणाला तो. आमच्या प्रसिद्धी विभागाने दुपारपर्यंत त्याची बातमी केली: संस्थेच्या प्रोग्रामने अचूक अंदाज देऊन गाव वाचवलं. वर माझा फोटो. मला कुणी विचारलं नाही, आकडा कुणी पाहिला नाही.

डॅराला सांगायला गेले. तो उन्हाने भाजून लाल झालेला, फोनवर मुलाखत देत होता. मला बघून अंगठा वर केला.

१६ जानेवारी, शुक्रवार

फळ्यावर माझ्या नावापुढे हातभर हिरवी खूण. स्कोनवर साय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"डॅरा, मला बोलायचंय. त्या प्रोग्रामबद्दल."

"माहितीये, माहितीये! बातमी वाचून आणखी तीन बेटांनी उतरवून घेतला. फेनुआराने तर त्यांचा जुना काढूनच टाकला. सोमवारी बसू आपण, पुढच्या निधीचं बोलू."

"तसं नाही रे, त्यात—"

"आधी खा गं बाई!"

मी खाल्ला. सगळ्यांसमोर उभी राहून पूर्ण खाल्ला आणि छान झालाय म्हणाले. माझ्याइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही.

सोमवारी प्रोग्राम फडताळातून गुपचूप काढीन. पण आता चार बेटांवर बसलाय तो, तिथून कसा काढणार?

२१ जानेवारी, बुधवार

सोमवारी डॅराला वेळ नव्हता. मंगळवारी मला धीर झाला नाही. आज सकाळी फेनुआराच्या टेउआचा निरोप आला. त्यांच्या हवामान कचेरीतला माणूस, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. नवं वादळ त्यांच्याकडे वळलंय. त्याने लिहिलं होतं: "तुमचा आकडा पाहिला. पाणी बंधाऱ्याच्या आत राहतंय. सकाळी रेडिओवरून लोकांना घरीच राहायला सांगितलं. फार आभार."

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"लोकांना हलवा," मी म्हणाले. "उंचावर न्या."

"का हो बाई?" अगदी अदबीने म्हणाला. "काही नवीन कळलंय का?"

"पाणी जास्त चढेल असं मला वाटतं."

"पण आकडा तर तसं म्हणत नाही. मोतुलेवाची माणसं तुमच्या आकड्यानेच वाचली ना? आम्ही तर त्याच्याच भरवशावर आहोत." आणि मलाच धीर दिला, "काळजी करू नका. आकडा चांगला आहे."

फोन ठेवून मी सेमिसीला लावला. का त्यालाच, ते माहीत नाही. आणि सगळं सांगितलं. शिक्का, निरभ्र दिवस, मापक, सगळं. न थांबता.

त्याच्या मागे कोणीतरी हातोडीने खिळे ठोकत होतं.

"म्हणजे त्या दिवशी तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी मापक उतरवून दोनदा घासलं."

"हो."

"माझी आई त्या घरात होती, ग्लेनिस."

मी टेउआचा निरोप वाचून दाखवला, त्याला काय म्हणाले तेही सांगितलं.

"मी हलवलं कारण तुझा आवाज मी ओळखतो," तो म्हणाला. "एक हिवाळा काढलाय तुझ्या घरात. आकड्याने नाही हलवलं. टेउआ तुझा आवाज ओळखत नाही. त्याला वाटणं-बिटणं सांगून चालायचं नाही, खरं सांग. आणि आता माझ्याशी बोलत बसू नकोस." फोन त्यानेच ठेवला.

टेउआला पुन्हा लावला. लागेना. लागेना. मग लागला.

"आकडा खोटा आहे," मी म्हणाले. "तुमची चूक नाही, प्रोग्रामचीच. दाब उतरला की तो पाणी कमी दाखवतो. मोतुलेवातही कमीच दाखवलं होतं, बातमी चुकीची आहे. एका फाईलवरचा शिक्का मी बदलला, त्यामुळे झालंय. मीच बदलला. मला महिनाभर संशय होता आणि पंधरा दिवसांपासून ठाऊक आहे."

तो काही रागाचं बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले. पण रागवायला त्याच्यापाशी वेळ नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, त्याने कुणाला तरी आपल्या भाषेत हाका मारल्या.

मग म्हणाला, "सकाळी मीच त्यांना घरी राहा म्हणालो. आता निघा म्हटलं तर विचारतील, कुणाचं ऐकायचं? कारण सांगावं लागेल. चूक कुणाची, तेही सांगावं लागेल, नाहीतर उठणार नाहीत. तुमचं नाव सांगू रेडिओवर?"

"सांगा."

"पूर्ण नाव?"

"ग्लेनिस पायबस. होबार्ट."

"सावकाश, बाई," तो म्हणाला. "लिहून घेतोय."

मी सावकाश सांगितलं.